एकोणतीस फेब्रुवारीचं चौथं कार्ड

९ मार्च, सकाळचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप वन्संना तुमच्या वहिनीचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर माझी कंबर धरते, तेव्हा नमस्कार पोचला की मला उठवायला कोणीतरी पाठवा.)

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता, की घडी घालून कपाटात ठेवलाय? ठेवलाच असणार. डोळ्यांत औषध घालायला कोणी आहे का, की अजून आरशात बघून कपाळावर थेंब पाडता? इकडे मी बरी आहे. रक्तदाब जागेवर आहे असं डॉक्टर म्हणतात, पण ते यंत्राकडे न बघता म्हणतात, त्यामुळे मी ते धरून चालत नाही. मागच्या खेपेला निघताना तुम्ही पर्स छातीशी फार घट्ट धरली होती, पार रिक्षात बसेपर्यंत. त्याने हात तर दुखले नाहीत ना? आपलं सहज विचारलं.

पत्र लांबणार आहे. चष्मा शोधून ठेवा. गेला आठवडाभर मी एका खेळाडूच्या मागावर होते. हा खेळाडू जन्मालाच आलेला नाही असं एका शहाण्या माणसाचं म्हणणं, आणि तो जन्माला आला असं तुमच्या भावाच्या अक्षरात लिहिलेलं. आता दोघांतलं कोण खोटं बोलतंय ते शोधणं माझ्याकडेच आलं, कारण एक तर दुसऱ्या कोणाला वेळ नव्हता आणि दुसरं म्हणजे दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नव्हता.

ह्यांचं काम तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीत (मधेच तुम्हाला झोप यायची), म्हणून पुन्हा सांगते. नोकरी मुद्रितं तपासायची. पण वर्तमानपत्राच्या दहाव्या पानावर उजवीकडे तळाला जी चौकट येते, ‘आजच्या दिवशी क्रिकेटमध्ये’, ती बावीस वर्षं ह्यांनी चालवली. आज कुठला फलंदाज जन्मला, आज कोणी एका सामन्यात एकोणीस बळी घेतले, आज कोण शेवटच्या डावात शून्यावर बाद झाला आणि त्याची सरासरी शंभराच्या दारात अडकली ती कायमची. वर्षाच्या प्रत्येक तारखेचं एक पाकीट, अशी तीनशे सहासष्ट पाकिटं, बुटांच्या बारा खोक्यांत. पाकिटात कार्डं. कार्ड हिरव्या शाईने लिहिलेलं, कारण निळ्या-काळ्या शाईत कोणीही घुसडू शकतं असं ह्यांचं मत. (संशयाच्या बाबतीत आमचे छत्तीस गुण जुळले होते.) आणि ह्यांचा एक नियम होता, तो नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: कार्डाच्या पुढच्या बाजूला माहिती, मागच्या बाजूला आधार. कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर सापडलं ते मागे लिहिलेलं नसेल तर कार्ड छापायला द्यायचं नाही. बावीस वर्षांत चौकटीत चूक एकही नाही. मूल पहिल्या नंबराने पास झाल्यासारखं ते हे सांगायचे, आणि मला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. आता कोणी सांगत नाही, म्हणून मीच मनात म्हणते.

जुलैत हे गेल्यावर क्रीडासंपादक भेटायला आले. ह्यांनी त्यांचं नाव ‘नो-बॉल’ ठेवलं होतं, कारण त्यांचा पाय कायम रेषेच्या पुढे. दहा मिनिटं दुःख व्यक्त करून झाल्यावर म्हणाले, काकू, ती खोकी ऑफिसात नेऊन ठेवू का, तिथे सुरक्षित राहतील. मी म्हटलं, इथे असुरक्षित कोणापासून आहेत? शेवटी ठरलं ते असं. रोज सकाळी दहा वाजता प्रेसचा शिपाई येतो. दुसऱ्या दिवसाचं पाकीट मी त्याच्या हातात देते, आदल्या दिवशी दिलेलं परत घेते. कार्डं मोजून देते, मोजून घेते, वहीत आकडा लिहिते आणि शिपायाची सही घेते. आठ महिन्यांत एक दिवस चुकलेलं नाही. शिपाई निवृत्तीला आलेला, सरळ माणूस आहे. (सरळ आहे म्हणूनच मी त्याच्यावर जास्त लक्ष ठेवते. वाकडा असता तर तो काय करणार ते आधी कळलं असतं.)

एक गोष्ट तुम्हाला सांगते, ऑफिसात कोणाला सांगितलेली नाही. मी इतके दिवस कार्डं मोजत होते, पण वाचत नव्हते. पाकीट पालथं धरून नुसत्या कडा मोजायची. मला वाचायला शिकवलं ह्यांनीच. दुसरीत शाळा सुटली तेव्हा मला अक्षरं दिसत होती, पण त्यांचं एकमेकांशी काय नातं आहे ते कळत नव्हतं. लग्नानंतर हे मुद्रितं घरी आणायचे. हे मूळ मोठ्याने वाचणार आणि मी छापलेल्यावर बोट ठेवून चालणार. जिथे बोट अडलं तिथे चूक. त्यामुळे मी वाचायला शिकले तीच संशय घेत घेत शिकले. पुढे वाचनालयातली पुस्तकंही मी तशीच वाचली, लेखक कुठे फसवतोय ते बघत. पण ह्यांच्या अक्षरावर बोट ठेवून चालायचं ते हे गेल्यावर जमत नव्हतं. म्हणून नुसत्या कडा.

तर अठ्ठावीस फेब्रुवारीला सकाळी मी एकोणतीसचं पाकीट दिलं. हे सगळ्यांत बारीक पाकीट. इतर तारखांना दहा-वीस कार्डं सहज निघतात. पण जो दिवसच चार वर्षांनी एकदा उगवतो, त्या दिवशी जन्माला यायला किती खेळाडूंना सवड होणार? चार कार्डं. वहीत लिहिलं: चार. सही घेतली. (ह्या तारखेचं ह्यांचं आणखी एक नाटक असायचं. दर चार वर्षांनी एकोणतीस फेब्रुवारी आली की हे दुपारीच घरी यायचे आणि काहीतरी घेऊन यायचे. पहिल्यांदा वाचनालयाची माझ्या नावाची वर्गणी भरून आले. मग डावऱ्या हाताला चालेल अशी कात्री. मग छत्री. मग खिडकीजवळची ती खुर्ची, जिच्यावर तुम्ही आलात की बसता आणि मला उभं राहावं लागतं. आणि शेवटच्या खेपेला वाचायचा दिवा. दर वेळी मी विचारायची, काय फोडून आलात? कोणाशी भांडलात? दर वेळी एकच उत्तर: आज जास्तीचा दिवस मिळालाय, वापरून टाकू. माझा त्यावर कधीही विश्वास बसला नाही. प्रत्येक वेळी मी दोन-तीन दिवस त्यांचे खिसे बघत असे.)

दुसऱ्या दिवशी दहा वाजता शिपाई आला. पाकीट घेतलं, कडा मोजल्या. तीन. पुन्हा मोजल्या. तीनच. मी दार लावून घेतलं आणि शिपायाला म्हटलं, बसा. तो बिचारा घाबरला. म्हणाला, ‘वहिनी, मी पाकीट उघडतसुद्धा नाही. साहेबांनी एक ठेवून घेतलंय. सकाळी सात वाजता गुरुजींचा फोन आला. चौकटीत घोटाळा झालाय म्हणे.’

गुरुजी म्हणजे निवृत्त गणितशिक्षक. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, पण ह्यांच्या तोंडी त्यांचं नाव ऐकलं असेल: ‘तिसरे पंच’. सहा वाजता वर्तमानपत्र आलं की हे गृहस्थ बाकी जगात काय पेटलंय ते न बघता थेट दहावं पान उघडतात. बावीस वर्षांत त्यांनी चौकटीत चूक काढणारी एकशे चौतीस पत्रं पाठवली आणि ह्यांनी एकशे चौतीस वेळा आधाराचं पान नक्कल करून पाठवलं. प्रत्येक वेळी गुरुजींचं उलट टपाली एक ओळीचं उत्तर यायचं: ‘मान्य. तूर्तास.’ ते ‘तूर्तास’ वाचून हे अर्धा अर्धा तास खूष असायचे.

मी वर्तमानपत्र काढलं. आठ महिन्यांत चौकट पहिल्यांदाच वाचली. छापील होती, म्हणून जमलं. पहिल्या तीन नोंदी साध्या होत्या. एक वेगवान गोलंदाज, १९०८. एक सलामीचा फलंदाज, १९३२. एक आत्ताच्या काळातला. चौथी नोंद तुम्हाला अक्षरशः उतरवून देते. ‘जन्म: “दुसरं टोक” या टोपणनावाने परिचित असलेला डावखुरा, संथ फलंदाज. त्याला बाद करणं आजवर कोणालाही जमलेलं नाही. घरच्या मैदानावर सलग सदतीस हंगाम नाबाद. अपील कमी, निर्णय मात्र पंचांच्या आधी. झेल सोडल्याची नोंद नाही. जोडीदाराला धावबाद करण्यात हातखंडा.’

माझं बोट जागच्या जागी अडलं. सदतीस हंगाम नाबाद? बावीस वर्षं ह्यांच्या तोंडून क्रिकेट ऐकून मला एवढं नक्की कळतं की असा माणूस असता तर त्याचा पुतळा झाला असता, निदान त्याच्या नावाची बॅट निघाली असती. हे असलं लिहिणार नाहीत. म्हणजे कोणीतरी कार्ड घुसवलं. पण पाकिटं माझ्या कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला. दिलेली चार होती, हे वही सांगते. तर मग कार्ड आत गेलं कधी? शिपायाकडे बघितलं. तो म्हणाला, ‘साहेब उद्या-परवा खुलासा छापणार आहेत. आमच्या दिवंगत सहकाऱ्याची चूक म्हणून.’

वन्सं, मला इतका राग आला की मी शिपायाला चहा द्यायची विसरले. गेलेल्या माणसाच्या नावावर चूक लिहायची! तो उत्तराला येत नाही म्हणून? बावीस वर्षांत एक नाही, आणि आता हे दहाव्या पानावर पहिली लिहून टाकणार. माणूस गेल्यावर त्याचं उरतं तरी काय? सदरे तुम्ही वाटून टाका म्हणालात, ते वाटले. बूट वाटले. ही एक गोष्ट शिल्लक होती, आणि ती कोणाला वाटून टाकता येण्यासारखी नव्हती. मी संपादकांना निरोप पाठवला की मी येईपर्यंत खुलासा छापायचा नाही, छापलात तर उद्यापासून पाकीट मिळणार नाही. तेवढ्यावर त्यांचा पाय रेषेच्या आत आला.

पहिला संशय गुरुजींवर. माणूस बावीस वर्षं एका चुकीची वाट बघतोय, ती मिळत नाही, मग एक दिवस तो स्वतःच करून ठेवणार, हे मला अगदी सरळ दिसत होतं. त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, चार खुर्च्या आणि चारही खुर्च्यांवर जाडजूड आकड्यांची पुस्तकं बसलेली. आम्ही दोघं उभेच. त्यांनी चहा केला, मी तो त्यांनी आधी प्यायल्यावर प्यायले. मी सरळ विचारलं, ‘गुरुजी, तुम्ही आमच्या घरी शेवटचे कधी आला होतात?’ ते म्हणाले, ‘कधीच नाही. तुमच्या यजमानांना मी एकदाही भेटलेलो नाही, ताई. फक्त पत्रं.’ मग त्यांनी सहा पुस्तकं काढली आणि एकेकात बोट घालून मला दाखवलं की असा खेळाडू नाही. ‘असा प्राणी या पृथ्वीवर जन्माला आलेला नाही,’ असं ते तीनदा म्हणाले. (हे वाक्य लक्षात ठेवा. ते कोणाबद्दल म्हणाले ते पुढे कळेल.) मी म्हटलं, मग आनंद झाला असेल ना, अखेर मिळाली चूक. त्यांनी पुस्तक मिटून परत खुर्चीवर बसवलं. मग म्हणाले, ‘सकाळी सहाला वाचलं तेव्हा झाला. पत्राचा कागद घेतला, मायना लिहिला, आणि मग आठवलं की उत्तर द्यायला ते नाहीत. एकशे पस्तिसावं पत्र होतं. म्हणून फोन केला.’ त्यांच्या टेबलावर तो कागद तसाच होता. नुसता मायना लिहिलेला. गुरुजींचं नाव मी संशयितांतून खोडलं. अर्धंच खोडलं. अजून तूर्तास.

दुसरा संशय नो-बॉलवर. सोमवारी ऑफिसात गेले. ह्यांचं टेबल खिडकीजवळ होतं, तिथे आता पाण्याचं यंत्र आहे. संपादकांनी कोकरासारखं होऊन मला बसवलं आणि आधी खुलाशाचा मसुदा दाखवला: ‘दिवंगत सहकाऱ्याकडून अनवधानाने’ वगैरे. ‘अनवधान’ ह्या शब्दात त्यांनी एक अक्षर जास्त घातलं होतं. मी पेन्सिल मागून ते खोडलं आणि मग मसुदाही खोडला. म्हटलं, कार्ड आणा.

कार्ड ड्रॉवरमधून आलं. मला ते वाचायचं नव्हतं, फक्त हे अक्षर ह्यांचं नाही एवढं सिद्ध करायचं होतं. शाई हिरवी. ‘ख’चं पोट फुगलेलं. अक्षर ह्यांचंच होतं, वन्सं. आठ महिन्यांनी पहिल्यांदा बघत होते, ते भर ऑफिसात, समोर नो-बॉल आणि बाजूला पाण्याचं यंत्र बुडबुडे काढतंय. बोट ठेवलं आणि चालायला लागले. पहिली गोष्ट कळली ती ही की मूळ कार्डावर ‘डावखुरा फलंदाज’ नव्हतंच. ‘डावखुरी फलंदाजी’ एवढंच होतं. ऑफिसातल्या कोणीतरी त्याला मिशा लावल्या होत्या. दुसरी गोष्ट, ‘सदतीस’च्या आधी चार आकडे खोडलेले होते. एकवीस, खोडलं. पंचवीस, खोडलं. एकोणतीस, खोडलं. तेहतीस, खोडलं. मग सदतीस. शाई प्रत्येक वेळी वेगळ्या बाटलीतली, जुनी ती फिकट. दर चार वर्षांनी कोणीतरी पाकीट उघडून चार मिळवत होतं.

सदतीस हा आकडा मला कुठेतरी भेटलेला वाटत होता. मागच्या एकोणतीस फेब्रुवारीला, हे दिवा घेऊन आले तेव्हा, आमच्या लग्नाला किती वर्षं झाली होती? बोटांवर मोजलं. डाव्या हाताच्या बोटांवर, कारण मी सगळं डाव्या हाताने करते, आणि तुमच्या आईंनी पहिल्या वर्षी त्यावरून मला काय काय ऐकवलं ते तुम्हाला आठवत असेल, तुम्हीही होतात.

मी संपादकांना विचारलं, ‘मागची बाजू वाचलीत?’ ते म्हणाले, ‘मागे काय असतं, काकू?’ आठ महिने हे लोक कार्डं छापताहेत आणि एकानेही कार्ड उलटून बघितलेलं नाही! रोजच्या पाकिटात वीस कार्डं, वरची चार घ्यायची आणि मोकळं व्हायचं. एकोणतीसला मोजून चारच निघाली, चौकट भरायची होती, म्हणून चारही घातली. मी कार्ड उलटलं. तिथे लिहिलं होतं:

‘आधार: स्वतः पाहिलेलं. जन्मतारीख कुठेच नोंदलेली नाही, म्हणून ३६६ पैकी सगळ्यांत मोकळा दिवस दिला आहे. चार वर्षांनी एकदा येतो, वय कमी वाढेल. छापायचं नाही. घरचं.’

माझी जन्मतारीख कोणालाच माहीत नव्हती हे तुम्हाला ठाऊक आहे. आईला विचारलं की ती म्हणायची, समोरच्यांची भिंत पडली त्या सुमारास. भिंत कधी पडली ते समोरच्यांनाही आठवत नव्हतं. शाळेत ज्यांची तारीख नसेल त्या सगळ्यांना मास्तर एकच तारीख लावायचे. आमच्या वर्गात एकोणीस जणांचा वाढदिवस एकाच दिवशी होता, आणि मास्तरांचाही. पुढे बऱ्याच वर्षांनी, चौकट सुरू झाल्यावर, हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे चांगलेच चिडले होते. म्हणाले, ही काय तारीख झाली? ते पाकीट आधीच फाटायला आलंय. मला वाटलं विषय तिथे संपला. माणसाने बावीस वर्षं माझ्या पाठीमागे माझा एक वाढदिवस चालवला, पाच वेळा साजरा केला, आणि मी पाचही वेळा त्याचे खिसे तपासले.

‘कोण आहे हा खेळाडू?’ संपादकांनी विचारलं. ‘तुम्हाला काही अंदाज?’ मी म्हटलं, ‘अंदाज कशाला, ओळखते. हयात आहे. आणि खेळाडू पुरुष नाही.’ मग पेन्सिल घेऊन खुलासा मीच लिहिला, आणि काल तो दहाव्या पानावर काना-मात्रा न बदलता आला. कात्रण सोबत जोडलंय, पण तुमच्या डोळ्यांचा भरवसा नाही म्हणून इथेही उतरवते. ‘२९ फेब्रुवारीच्या चौकटीतील चौथी नोंद घरगुती असून ती आमच्या दुर्लक्षामुळे छापली गेली. नोंदीतील मजकूर खरा आहे. खेळाडू पुरुष असल्याचा उल्लेख आमचा होता. त्याबद्दल दिलगीर आहोत.’ ‘मजकूर खरा आहे’ काढून टाका म्हणून संपादक अर्धा तास मागे लागले होते. मी म्हटलं, आधार मागे लिहिलेला आहे, आणि ह्यांच्या आधारापुढे आजवर कोणी जिंकलेलं नाही.

काल संध्याकाळी गुरुजी जिने चढून आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले. हातात कागदाचा चिटोरा: ‘एकूण वर्षे बावीस. चुका शून्य. मान्य.’ ह्या वेळी पुढे ‘तूर्तास’ नव्हतं. जाता जाता दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर आले आणि म्हणाले, ‘ताई, एक विचारू? जोडीदाराला धावबाद करण्याचा जो उल्लेख आहे, त्याचे आकडे मिळतील का?’ मी म्हटलं, ‘गुरुजी, आकडे ठेवणारा माणूस गेला.’ त्यांनी मान हलवली आणि सावकाश उतरले. (सावकाश का उतरले, वहीत काही टिपत तर नव्हते, म्हणून मी कठड्यावरून वाकून बघितलं. डोळे पुसत होते. त्यांचं नाव आता पूर्ण खोडलं.)

इथे सगळं ठीक आहे. पाकिटं रोज जातात, रोज येतात, आणि आता नुसत्या कडा मोजत नाही, प्रत्येक कार्ड आधी उलटून बघते. त्याने सकाळचा वेळ बरा जातो. ‘घरचं’ असं दुसरं कुठल्या पाकिटात असेल तर ते आपल्या दिवशी निघेल. सगळी खोकी एकदम धुंडाळायची नाहीत असं ठरवलंय. तीनशे सहासष्ट दिवस आहेत, रोज एक पुरे. तब्येतीला जपा, पट्टा बांधा.

तुमची,
वहिनी

ता. क. १: मुख्य लिहायचं राहिलंच. चोवीस जूनचं, म्हणजे ह्यांच्या जन्मतारखेचं पाकीट तेवढं मी नियम मोडून उघडलं. अकरा कार्डं आहेत, त्यांत ह्यांचं नाही. स्वतःचं लिहायला आधार मिळाला नसणार. ते मी लिहिणार आहे. शिवाय माझ्या कार्डावरचे सदतीस खोडून चाळीस करायचे आहेत, हे गेले तोवर तेवढेच हंगाम झाले होते. पुढचा ‘नाबाद’ मात्र राहू देणार. जोडीदार बाद झाला तरी दुसऱ्या टोकाचा नाबादच राहतो, हे मला ह्यांनीच शिकवलंय. पण लिहायचं ते ह्यांच्या हिरव्या शाईच्या पेनने. ते पेन टेबलावर होतं, आणि तुम्ही गेल्यावर नव्हतं. तुम्ही पर्स कशी धरली होती ते मी वर लिहिलंच आहे. मी आठ महिने काही बोलले नाही, कारण तुमचाही तो भाऊ होता. आताही बोलत नाही. फक्त पेन हवंय.

ता. क. २: पोस्टाने पाठवू नका, पोस्टाचा मला भरवसा नाही. स्वतः घेऊन या. तुमची तारीख बारा एप्रिल. ते पाकीट अकराला सकाळी दहा वाजता शिपायाच्या हातात पडतं, म्हणून दहा तारखेच्या संध्याकाळपर्यंत पोचा. त्यात तुमच्या नावाचं एक कार्ड आहे. ‘अपील फार’ अशी सुरुवात आहे. पुढचं काय ते पत्रात सांगण्यासारखं नाही. खिडकीजवळची खुर्ची तुम्हाला देईन.

ता. क. ३: पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढून लिहितेय. बारा एप्रिलचं पाकीट मी अजून उघडलेलं नाही. त्यात तुमचं कार्ड आहे की नाही, मला माहीत नाही. एकटीने बघायचा धीर होत नाही. या.